अमिनोवर सरांचं मार्गदर्शन

...नाही, पण मला सांगा, विज्ञानाच्या व्याख्यानाला माणूस येतो कशाला? ज्ञानासाठी? हॅ! तुम्हाला सांगतो, तलासरीच्या कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, आता रिटायर झाल्यावर गावोगाव व्याख्यानं देतो, आणि समोर कोण? आयोजक, आयोजकाची बायको आणि पंखा! आणि परवा सरावलीत बघतो तर हॉल खच्चून भरलेला, दारातसुद्धा माणसं... मला भरूनच आलं हो. बाहेर फळ्यावर मनिषनं, म्हणजे आयोजकानं, मोठ्ठं लिहिलेलं, ‘अमिनो : सरांचं मार्गदर्शन’. पृथ्वीवर जीव कसा जन्मला हा विषय, तेवढाच गाळला गाढवानं. म्हणे विज्ञान!

मी सुरू केलं. म्हटलं, अमिनो आम्लांची साखळी म्हणजे प्रथिन, प्रथिनाशिवाय जीव नाही, पण दोन आम्लं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि चहूकडे पाणीच असेल तर तो पडणार कसा? भर पावसात पापड वाळवण्यासारखी गत! मग पाण्यात ही साखळी पहिल्यांदा जुळली कशी...? इथे मी नेहमी थांबतो, लोकांनी विचारात पडावं म्हणून. तर पुढच्या रांगेतला हिरू नावाचा एक शेतकरी उठला, ‘सर, ता जुळंल तवा जुळंल, पन एका पंपाला कवढा टाकायचा?’

पंपाला! फवारणीच्या! दुकानात ती अमिनोची बाटली मिळते ना, मिरचीवर मारायची, तिच्यासाठी जमलेली ही जत्रा! म्हटलं, बाबांनो, मी फवारणीचं सांगायला आलेलो नाही. झालं, अर्धा हॉल उठून चपला शोधायला लागला. आणि मी, एमएस्सी फर्स्ट क्लास, काय म्हणालो असेन? ‘बसा, डोस शेवटी सांगतो.’

बसले! मग सांगितलं, गंधकाचं एक संयुग मध्यस्थी करतं, प्रयोगशाळेत पाण्यातच आम्लं जुळवून दाखवलीत. गंधक म्हटल्यावर मागे बसलेल्या कुणी शुक्रीबाई ताठ झाल्या, भुरी रोगाला चालेल का म्हणून. म्हणे विज्ञान! पण चार अब्ज वर्षं मागे नेलं सगळ्यांना, एक माणूस हलला नाही. आणि शेवटी डोस? मला कुठे ठाऊक! पाणी पिऊन येतो म्हणालो, तो थेट रिक्षात.

काल वेवजीहून एका आयोजकाचा फोन. ‘सर, आमच्याकडं या, मिरचीवाले सगळेच येतील.’ असा झापला त्याला म्हणून सांगू, म्हटलं, तुमच्या अकलेची कीव येते मला... आणि तारीख दिली. आज सकाळीच कृषी केंद्रात जाऊन विचारून आलो. पंपाला तीस मिली.