डावं-उजवं

(अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवलेली. पुढचं चाक काढून नवरा खाली आडवा, बायको स्टिअरिंगमागे.)

नवरा : दाब. धर. धरून ठेव म्हटलं ना.

बायको : धरलाय. पेडलच धरत नाही. उशीत पाय घातल्यासारखा तळाला जातो.

नवरा : हवा राहिली असेल नळीत. सोड. पुन्हा दाब.

बायको : सकाळपासून हेच चाललंय. एवढं ब्रेक ऑइल सांडलंस, की अंगणातल्या गोगलगायी सुसाट सुटल्यात. दोन तर कुंपणापलीकडे गेल्या, थांबताच येईना त्यांना.

नवरा : टोमणे नकोत. ब्रेक मी स्वतः बसवलेत, व्हिडिओ बघून. त्यानंतर शाळेच्या फाटकावर गाडी तू घातलीस.

बायको : मी ब्रेक दाबला होता.

नवरा : ॲक्सिलरेटर दाबलास. हत्तीचा पाय तुझा, दोन्ही पेडलं एकदम मावतात त्याखाली.

बायको : हेच आईंना सांगितलंस. तेव्हापासून माझी पोर माझ्या गाडीत बसायची बंद झाली.

नवरा : ते तुझं आणि आईचं. दाब.

बायको : नाही दाबत. तो हवा काढायचा नट, चाकाची चकती आवळणाऱ्या त्या कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या?

नवरा : खालच्या. बरंच आहे की, हात पोचतो.

बायको : हवा वर जाते. शेजाऱ्यांच्या गाडीला मघाशी वाकून बघितलं मी. त्यांचा नट वर आहे.

नवरा : त्यांचं मॉडेल वेगळं असेल.

बायको : मॉडेल तेच, रंगसुद्धा तोच. त्यांची थांबते, एवढाच फरक. डाव्या चाकाचं कॅलिपर तू उजव्याला लावलंस, उजव्याचं डाव्याला. आता विहीरभर तेल ओत, हवा वरच अडकून बसणार.

नवरा : हळू बोल. आई येतेय.

सासू : सापडलं का रे, काय बिघडलं होतं?

नवरा : पार्टच खराब निघाला, आई.

बायको : पार्ट ठणठणीत आहे. कोणी बसवला ते विचारा.

सासू : कोणी?

नवरा : मीच. डावं-उजवं झालं जरा.

सासू : म्हणजे फाटकाशी हिने ब्रेकच दाबला होता?

नवरा : दाबला असेल.

बायको : असेल?

नवरा : दाबला होता.

सासू : मग तू त्याच दिवशी का नाही गं बोललीस?

बायको : बोलत होते, आई. तुम्ही पोरीला उचलून आत गेलात आणि कडी लावलीत.