कोराडीची बस बरोबर सव्वानऊले

ऐक वं प्राजू, चहा मंग पी, माझं डोकं फिरून राहिलं. आज आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी टेस्टचे पेपर वाटले. गणित असं होतं की कोराडीची बस नऊ ते साडेनऊमध्ये कधीही येऊ शकते, तर बरोबर सव्वानऊलेच यायची प्रॉबॅबिलिटी किती? मी शून्य लिहिलं. नेमक्या एका क्षणाची शून्यच असते न, नऊ-दहा ते नऊ-वीस असं काही दिलं असतं तर इंटिग्रेट केलं असतं. सरांनी त्याच्यावर काट मारली.

म्हणे, "डेन्सिटीमध्ये किंमत टाक, एक भागिले अर्धा तास, दोन येते."

"सर, प्रॉबॅबिलिटी दोन कशी राहीन?"

"म्हणूनच एक लिहायचं. एकाच्या वर जात नाही, एवढंही माहीत नाही तुले?"

"एक म्हणजे बस रोज सव्वानऊलेच येते. तुम्ही त्याच बसनं येता, मंग आज लेट काहून झाले?"

सगळा वर्ग हसला, अन् तिथंच बिघडलं. आता म्हणतात, उद्या सगळ्यांसमोर माफी माग अन् उत्तर एक आहे असं म्हण, नाहीतर इंटरनलमध्ये नापास. इंटरनल गेलं तर परीक्षेलेच बसू देत नाहीत. उत्तर माझं बरोबर, अन् माफीही मीच मागू? सांग वं, तू असती तर काय केलं असतं?