आजोबांना भिजत घातलं

गड्या, माणूस म्हातारा कसा होतो, ते आमच्या पाच वर्षांच्या पोरीनं शोधून काढलंय. तासगावच्या शेडवर द्राक्षं वाळून बेदाणा होताना तिनं बघितलं. घरी तोच बेदाणा पाण्यात टम्म फुगलेला बघितला. परवा आमच्या वडिलांना म्हणाली, "आजोबा, तुमी लय वाळलाय. हात पाण्यात घाला, फुगतील."

वडील म्हणजे कुणाचाही बेदाणा तळहातावर घेऊन "दोन नंबरचा माल!" म्हणत नाक मुरडणारा माणूस. पण नातीपुढं काय चालतंय? अर्धा तास बादलीत हात घालून बसले. बाहेर काढले, तर बोटं आणखीच सुरकुतलेली!

पोरीनं ती उलटीसुलटी करून बघितली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमी तर दोन नंबरचा माल निघाला!"