डी ड्राइव्ह बाळ्याचा

ताई : हात लावू नकोस. सकाळपासून जिन्याचा नकाशा दुरुस्त करतेय, तो अजून सेव्ह झालेला नाही.

बाळ्या : होणारही नाही. सी ड्राइव्ह गच्च भरलाय, ही लाल पट्टी बघ. तुझे जुने नकाशे उडवतो.

ताई : उडवून तर बघ. कुठल्याही इमारतीची डागडुजी निघाली की इंजिनिअरसाहेब जुना नकाशा माझ्याकडेच मागतात. आणि हा चार वाजता गेला नाही, तर पुढचं काम दुसऱ्याला.

बाळ्या : मग मी काय करू? नको त्या फायली काढल्या, तरी टीचभरच जागा झाली. त्यात डेस्कटॉपवर हा ढीग. डेस्कटॉप सीमध्येच असतो, एवढंही माहीत नाही तुला?

ताई : शिकवायला कोण होतं इथं?

बाळ्या : आणि हा डी ड्राइव्ह अख्खा मोकळा पडलाय. ह्यात का नाही टाकलंस?

ताई : तो तुझा आहे.

बाळ्या : माझा म्हणजे?

ताई : कॉम्प्युटर आला त्या दिवशी बाबांनी वाटणी केली. सी ताईचा, डी बाळ्याचा, एकमेकांच्यात लुडबुड करायची नाही. तू परदेशी गेल्यावर मी विचारलंही होतं. म्हणाले, राहू दे, तो आला की त्याला लागेल.

बाळ्या : म्हणून अकरा वर्षं हात लावला नाहीस? कमाल आहे. बेचाळीस वर्षांची बाई तू.

ताई : हो, वेडीच मी. बाबांची औषधं सांभाळणारी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शेगडीच्या धगीत बसून नकाशे काढणारी वेडी. तू दोन वर्षांतून चार दिवस येणार आणि मलाच अक्कल शिकवणार. डोकं फिरलंय माझं, जास्त बोलू नकोस.

बाळ्या : बरं, सरक. डीमध्ये सेव्ह करतो.

(तो डी ड्राइव्ह उघडतो.)

ताई : काय काय आहे तुझं त्यात?

बाळ्या : एक फोल्डर आहे, माझ्या नावाचा. रिकामा.

ताई : अकरा वर्षं रिकामा.

बाळ्या : झाला सेव्ह. पाठव साहेबांना.

ताई : पाठवते. आणि उद्या हे टेबल तुझ्या खोलीत हलवायचं.

बाळ्या : अगं, पण खोलीत माझं सामान...

ताई : तिथंही काही नाही, बाळ्या. दर रविवारी मीच झाडते.