अळ्यांनी खाल्लेलं कुंपण

नको नको, माळीदादा, ती कात्री आधी खाली ठेवा — मेली म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला? इकडे या, हे बघा, नखानं जरा साल खरवडते — दिसलं हिरवं? आत ओल आहे. पानं खाल्लीत मेल्यांनी, मेंदीचा जीव नाही खाल्ला. आणि हा बघा, पेराजवळ, मोहरीएवढा कोंब — अहं, हात नका लावू! नुसतं बोट लागलं तरी मोडेल. तुम्हाला बोलावलंय ते ही जगवायला. उपटायला काय, आमचे चिरंजीव आहेत की — फोनवर रोज एकच तुणतुणं, आई, भिंत घाल, भिंतीला अळ्या लागत नाहीत. म्हटलं, बाबा रे, भिंतीला पालवीही फुटत नाही. थांबा हं जरा... नाही, काही नाही. मला वाटलं, पलीकडे दार वाजलं.

तर काय सांगत होते — हां, अळ्या. आधी कळलंच नाही हो. खाली खसखशीसारखं काळं काळं पडलेलं दिसायचं, मी आपली झाडून टाकायची. मग पानांना जाळी धरली, पानाला पान चिकटलं, आणि बघता बघता नुसत्या काड्या. म्हणून मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन एकेक वेचायला लागले. वेचता वेचता मान वर करते तर समोर कोण? आमच्या थोरल्या जाऊबाई! त्यांच्या बाजूनं, त्यांची बादली घेऊन. दीर गेले, आमचेही गेले — आता त्या घरात त्या एकट्या, या घरात मी एकटी, आणि मध्ये ही मेंदी. दाट होती तेव्हा बरं होतं. तोंड बघायला नको, कोण काय शिजवतंय ते कळायला नको. आता सगळं उघडं. मी काही डोळा ठेवून नसते हं, पण पानंच नाहीत तर काय डोळे मिटून वेचू?

बोलणं नाही ना आमचं. का म्हणजे — जाऊ दे, सांगते. सासूबाई माझ्याकडे होत्या शेवटी, अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी बजावलेलं, पाणी मोजूनच द्या, नाहीतर अंगावर सूज चढेल. एक छोटी वाटी ठरवून दिली होती. त्या हात जोडायच्या हो माझ्यापुढे, अगं घोटभर दे — आणि मी तोंड फिरवायची. मोरीत जाऊन रडायची, पण दिलं नाही. आणि त्या गेल्यावर या आमच्या थोरल्या, चार माणसांत, भरल्या घरात काय म्हणाल्या? हिनं सासूला पाणीसुद्धा मोजून पाजलं. त्या दिवसापासून जी जीभ आवळली ती आवळलीच. आता तुम्ही आल्या आल्या म्हणालात, बाई, पाणी बेतानं घाला, मुळं कुजतील — तुमचं बरोबरच आहे, घालीन बेतानं. पण ऐकलं की अजून ती छोटी वाटी डोळ्यांपुढे येते.

ऊन केवढं चढलं नाही? एव्हाना त्या दोनदा बाहेर येऊन जातात. मी आपलं सहज म्हणतेय. माझं काय अडलंय! पण बघा ना, त्यांच्या अंगणातला दिवा अजून जळतोय — आणि त्या म्हणजे एक दिवा जास्त जळला तर जीव खालीवर होणारी बाई! दुधाची पिशवीही फाटकालाच लटकलीय, नासेल की. झोपल्या असतील म्हणता? त्या? या वेळेला? काय सांगताय! बादली बघा, कालचीच आहे, जिथं ठेवली तिथंच. काल ना, ही वरची फांदी माझ्या हाताला येत नव्हती, मी आपली टाचा उंचावतेय. तर त्यांनी त्यांच्या बाजूनं खाली ओढली आणि धरून ठेवली. मी अळ्या काढेपर्यंत धरून ठेवली. मग सोडली आणि गेल्या आत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या — एक शब्द बोलले असते तर काय जीभ झडली असती?

तुमचा फोन द्या बघू. माझा नंबर बघितला की त्या उचलायच्या नाहीत, म्हणून तुमचा. नंबर पाठ आहे मला, असू दे, हसू नका... वाजतोय. ऐकताय ना? आत वाजतोय, इथवर येतोय आवाज. उचला की हो. उचला... थांबला. कसली अंघोळ हो, माळीदादा, इतका वेळ कसली अंघोळ? फाटक तिकडच्या रस्त्याला, सगळी गल्ली वळसा घालून जायचं, आणि त्याला आतून कुलूप. नाही, मला नाही थांबवत. ती कात्री उचला. उचला म्हणते ना! कोंब? मरू देत कोंब. इथून कापा — खालून, बुंध्यापाशी — आणखी एक, ती जाड फांदी — सरका, मी मोडते हातानं, सरका तुम्ही, पदर फाटतोय तर फाटू दे —

ताई! ओ ताई! मी आहे, मी! मागचं दार लोटलेलंच आहे... ताई, कुठे आहात? — अगं बाई! कधी पडलात हो? पाय? हलू नका, अजिबात हलू नका, मी आलेय ना. नाही, कुठे जात नाही, हात धरलाय बघा... काय? काय म्हणताय?

माळीदादा! ओ माळीदादा, शुद्धीवर आहेत, बोलतायत! डॉक्टरांना फोन लावा — नाही, आधी माझ्या स्वयंपाकघरात जा, ओट्यावर तांब्या आहे. पाणी मागतायत त्या, माझ्याकडे मागतायत. असे उभे काय राहिलात? भरून आणा. अर्धा नको, काठोकाठ भरा, सांडलं तर सांडू दे — पळा!