शेजारच्या शिट्ट्या

"सत्यशीला, संकष्टीला दर्शन होईपर्यंत मौन मोडायचं नाही," सासूबाईंनी कधीचं बजावून ठेवलेलं. दगडूशेठ गणपतीच्या रांगेत तिच्यापुढे एक तरुण आणि एक तरुणी कुजबुजत होती.

"अभिनव, कुकरच्या तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारं आपलं यंत्र! दुकानदाराच्या घरी पहिल्याच शिट्टीला बंद कसा केला त्यानं?"

"शेजारणीच्या कुकरच्या दोन मोजल्या, उत्कर्षा."

"धायरीच्या ऑफिसात चाचणी घेतलीस ना?"

"तिथे शेजारीच नाहीत."

"धन्य! उद्या शेवटची संधी. शेजारणींसकट स्वयंपाकघर कुठून आणायचं?"

दर्शन झालं. सत्यशीला हळूच म्हणाली, "मागच्याच गल्लीत राहते. यंत्र घेऊन आज सहाला या. शेजारच्या तिघींना एकदमच कुकर लावायला सांगते."

"पण काकू, तुमचा उपास असेल ना?"

"यंत्राला कुठे आहे?"

आणि ती तांदूळ धुवायला घराकडे निघाली.