मार्शल लुआन यांनी उचललेला पेला

नाव फू चांगगेन, वय ५३ वर्षे, काम दरवानी, मूळ गाव शानतुंग प्रांतात, सध्या राहणार मार्शल लुआन यांचा बंगला, विलायती वस्ती, तियानजिन.

समक्ष हजर राहून सांगतो की, मार्शलसाहेब खेचरे हाकत होते तेव्हापासून मी त्यांच्यासोबत आहे. पुढे चार जिल्हे त्यांच्या हुकमाखाली आले. आठ वर्षांपूर्वी त्यांचे शपथ घेऊन मानलेले धाकटे भाऊ फांग एका सकाळी तोफखान्यासह शत्रूला जाऊन मिळाले. दुपारपर्यंत आमच्याकडे आगगाडीचा एक डबा उरला. त्यातून आम्ही इथे आलो.

माझी बायको मियाओ बंगल्यात चहा करते. ती परवापासून इथल्या कोठडीत आहे.

भेटीची रीत आपणांस ठाऊक आहे. यजमानासमोरही पेला ठेवतात, पण तो पिण्यासाठी नसतो. यजमानाने पेला उचलला की भेट संपली. मग मी "पाहुणे निघाले" असा पुकारा करतो आणि पडदा वर धरतो. आठ वर्षांत साहेबांनी त्या पेल्यातला घोटही घेतला नाही. मियाओ तो चहा मोरीत ओतते आणि पेला विसळते.

परवा दुपारी तीन वाजता फांग एकटे आले. साहेबांनी त्यांना आत घ्यायला सांगितले, याचे मला नवल वाटले. चहा ठेवून मी पडद्याबाहेर उभा राहिलो. ऐकले ते असे.

"काय रे धाकट्या, टक्कल पडलं की! तोफा ओढून ओढून?"

"तोफा गंजल्या, दादा. कोणी ओढत नाही आता."

"एका सकाळी तर बऱ्या ओढल्या होत्यास."

मग दोघेही हसले.

चारच्या सुमारास साहेबांनी पेला उचललेला मला फटीतून दिसला. मी पुकारा केला. फांग उठले. साहेब म्हणाले, "बस रे, अजून बस." यजमान असे म्हणतातच, म्हणून मी पडदा धरून राहिलो. फांग यांनी वाकून नमस्कार केला. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवले.

परत आलो तेव्हा मियाओ पेले घेऊन बाहेर येत होती. म्हणाली, "हळू, डोळा लागलाय त्यांचा. आणि हा साहेबांपुढचा पेला कुणी संपवला? तू? दारात उभं राहून तहान लागली होय रे?" तिने पेला विसळला. मी साहेबांच्या अंगावर शाल घालायला गेलो. ते झोपलेले नव्हते.

डॉक्टरांना पोटात विष मिळाले. ते कोणी घातले, मला माहीत नाही. फांग यांचा हात पेल्याकडे गेला का, की साहेबांच्याच बाहीत काही होते, मी पाहिले नाही. साहेब तो चहा का प्यायले, याचाच मी परवापासून विचार करतो आहे. तहान असती तर त्यांची स्वतःची किटली शेजारी होती.

मियाओने पेला का धुतला असे आपण विचारले. रोज धुते म्हणून. परंतु एवढे लिहून घ्यावे. जो चहा आठ वर्षे मोरीत गेला, त्यात विष घालून तिला कोणाला मारायचे होते? मोरीला?

जमादारसाहेब म्हणाले, "मग तिच्या जागी पाहुण्याला घालवून देणाऱ्यालाच कोठडीत ठेवावं लागेल, म्हातारबा." माझी हरकत नाही. मी पुकारा केला नसता तर फांग निघून गेले नसते, आज आपल्यासमोर बसलेले असते. साहेबांनी "बस" हे मनापासून म्हटले होते, असे मला आता वाटते.

पांघरूण मी सोबत आणले आहे. मियाओसाठी बाहेर रिक्षा थांबवून ठेवली आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी बोललो तोच आहे. लिहिता येत नाही, म्हणून अंगठा देत आहे.